पाण्याची उंची आणि पाण्याची ऊब: वेसाव्याच्या ताईंना उत्तर

मुंबईतल्या वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) एका ताईंनी मला तीन प्रश्न विचारले आहेत. पहिला, २०५० पर्यंत मुंबई पाण्याखाली जाणार असा नकाशा मोबाइलवर फिरतोय, तो खरा का? दुसरा, पापलेट दरवर्षी कमी होतंय आणि तारली मात्र पाट्या भरभरून येतेय, हे समुद्र तापल्यामुळे का? तिसरा, आणि मला वाटतं मनात खरा घोळतोय तो हाच: धाकटा मुलगा कर्ज काढून मोठी बोट घेऊ म्हणतोय, त्याला घेऊ द्यावी का? जाता जाता त्यांनी लिहिलंय की सासऱ्यांच्या जुन्या वह्या माळ्यावर पडून आहेत, त्यांत तिथी, वारा आणि मासळीच्या नोंदी आहेत, आता त्या कुणी वाचत नाही.

मी तीस वर्षं समुद्रविज्ञानात काम केलं. त्यातली निम्मी अरबी समुद्रात, संशोधन जहाजाच्या डेकवर गेली. बोटीचा धंदा मी केलेला नाही, तेव्हा तिसऱ्या प्रश्नात समुद्राच्या हातात जेवढं आहे तेवढंच सांगेन. बँकेच्या हातातलं तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं.

ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, म्हणून ती आधी. आपण सगळे समुद्राच्या उंचीकडे डोळे लावून बसलोय. उंची वाढतेय हे खरं, पण ती सावकाश वाढतेय. ऊब तिच्या कितीतरी पुढे निघून गेलीय. ती आजच्या पावसात आहे, वादळात आहे आणि तुमच्या पाटीतही आहे.

कोळसा आणि तेल जाळून आपण जी जादा उष्णता अडकवली, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्राने पोटात घेतलीय. पाणी केवढी उष्णता धरतं बघा: समुद्राचा वरचा जेमतेम तीन मीटरचा थर, म्हणजे दोन पुरुषही खोल नाही, एवढ्यात अख्ख्या वातावरणाइतकी उष्णता मावते. हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५० ते २०२० या सत्तर वर्षांत साधारण एका अंशाने तापला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने यावर वर्षानुवर्षं काम केलंय. अटलांटिकचं गरम पाणी वर ध्रुवाकडे वाहून जातं आणि थंड होतं. आपल्या समुद्राला ती वाट नाही. वर गुजरात, सिंध आणि मकरानची भिंत आहे. आलेली ऊब बरीचशी इथेच घुटमळते.

एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. अंगात एक अंश ताप असला तर आपण कामावर जातो का, एवढंच मनात आणा.

आता नकाशा. तो २०१९ मधल्या एका अभ्यासातून निघाला आहे. जमिनीची उंची उपग्रहातून मोजताना इमारतींची आणि झाडांची टोकं जमीन समजली जातात, ती चूक त्या अभ्यासाने दुरुस्त केली आणि किनाऱ्यावरची जमीन आपण समजत होतो त्याहून सखल निघाली. इथपर्यंत ठीक. पण नकाशातला रंगवलेला भाग म्हणजे 'कायमचा बुडालेला' असा अर्थ नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराच्या पातळीखाली असलेली जमीन, एवढाच त्याचा अर्थ. मधला बांध, भिंत, उंच रस्ता, नाल्याची झडप यांचा हिशोब त्यात नाही. तेव्हा पन्नास साली सकाळी उठून दादर पाण्यात, असं होणार नाही.

पण तो नकाशा मुंबईच्या जुन्या नकाशाशेजारी ठेवून बघा. रंगवलेला बराच भाग म्हणजे सात बेटांमधल्या खाड्या, खाजणं आणि खारजमिनी. पायधुणीला लोक पाय धुऊन पुढे जायचे, कारण तिथवर भरतीचं पाणी यायचं. खार हे नाव कशावरून पडलं ते सांगायला नको. वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीच्या काठच्या तिवरांच्या चिखलावर उभं आहे. भराव घातलेली जमीन आपल्या वजनाने दबत राहते आणि पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. म्हणून मी त्या नकाशाला भविष्य म्हणत नाही. मला तो पाण्याच्या जुन्या सातबारासारखा वाटतो.

उंचीचे खरे आकडे काय आहेत? अपोलो बंदरला १८७८ पासून भरती मोजली जातेय, आशियातल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी ती एक. त्या नोंदीत मुंबईची पातळी शतकभर वर्षाला मिलिमीटरभराहून थोड्या कमी वेगाने चढलेली दिसते. जगाची सरासरी १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे २० सेंटिमीटर वाढली, आणि तो वेग आता वाढलाय: २००६ ते २०१८ या काळात वर्षाला साधारण ३.७ मिलिमीटर. शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या सरासरीत, या शतकाच्या सुरुवातीच्या पातळीपेक्षा, आणखी वीसेक सेंटिमीटरची भर पडेल. त्यापुढे आपण किती धूर सोडतो त्यावर आहे. २१०० पर्यंत अर्ध्या मीटरच्या आत राहील की मीटरभर होईल, हे अजून ठरायचं आहे.

वीस सेंटिमीटर म्हणजे एक वीत. विती-दीड वितीने मुंबई बुडते का? नाही. पण मुंबईचं पाणी तुंबण्याचं गणित त्याने बिघडतं, आणि ते कसं हे मला सविस्तर सांगायचंय, कारण बातम्यांत याबद्दल फार गोंधळ असतो.

पावसाळ्यात टीव्हीवर येतं, 'आज साडेचार मीटरची भरती'. लोकांना वाटतं साडेचार मीटर उंच लाट येणार. ती उंची लाटेची नसते, रस्त्यापासूनही मोजलेली नसते. सगळ्यात मोठ्या ओहोटीला पाणी जिथपर्यंत उतरतं, साधारण त्या पातळीला शून्य धरून ती मोजतात. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी अर्ध्या मीटरवरून साडेचार मीटरवर जातं, म्हणजे सहा तासांत चार मीटर. हा आकडा चंद्र-सूर्याच्या गणितातून वर्षभर आधी छापलेला असतो. त्यात लाटा धरलेल्या नसतात, वाऱ्याने ढकललेलं पाणी नसतं, वादळात हवेचा दाब उतरल्यामुळे चढणारं पाणी नसतं. दाब एक मिलिबार उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं.

शहराचे बहुतेक नाले समुद्रात किंवा खाडीत उतरतात आणि त्यांची तोंडं भरतीला पाण्याखाली जातात. तेव्हा झडपा लावाव्या लागतात, नाहीतर समुद्रच नाल्यातून आत शिरतो. झडप लागलेली असताना पडलेला पाऊस शहरातच थांबतो. पंपाने उपसला तेवढाच बाहेर. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गजदरबंध इथली उदंचन केंद्रं त्यासाठीच आहेत.

आता माझं ढोबळ गणित. समजा एका नाल्याचं तोंड उधाणाच्या माथ्यापेक्षा अर्धा मीटर खाली आहे. तर त्या भरतीला ते साधारण २ तास ५० मिनिटं बंद राहील. समुद्र दहा सेंटिमीटर चढला की बंद राहण्याची वेळ सतरा-अठरा मिनिटांनी वाढते. वीस सेंटिमीटर चढला की जवळपास पस्तीस मिनिटांनी. कारण भरतीच्या माथ्याजवळ पाणी रेंगाळतं, तिथे थोडीशी उंचीसुद्धा बराच वेळ खाते. ताशी पन्नास मिलिमीटरने पाऊस पडत असेल, तर त्या जादा पस्तीस मिनिटांत जवळजवळ तीस मिलिमीटर पाणी अडकलं. दादरच्या सखल हिंदमाताला पाणी गुडघाभर की मांडीभर, हे अशा अर्ध्या तासांवर ठरतं. मुंबईच्या बाबतीत पातळी वाढण्याचा खरा अर्थ हा आहे. नाला दरवर्षी थोडा जास्त वेळ बंद राहणार आणि तेवढ्याच वेळात पाऊस मात्र पूर्वीपेक्षा जास्त कोसळणार.

२६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि कुलाब्याला त्याच दिवशी ७५ च्याही आत. तुमच्या सासऱ्यांना भरतीचा जुना हिशोब ठाऊक असणार: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला. कोकणात जुनी माणसं अजून याच हिशोबाने चालतात आणि चंद्राच्या गणिताशी तो पक्का जुळतो, कारण भरती रोज पाऊण तासाहून किंचित जास्त पुढे सरकते. त्या दिवशी आषाढ वद्य पंचमी-षष्ठीचा सांधा होता. पाचाची पाऊणपट पावणेचार, सहाची साडेचार. ४.४८ मीटरची भरती दुपारी चारच्या आसपास माथ्यावर होती, नेमकी पाऊस भरात असताना. मिठीला उतरायला जागाच उरली नाही.

पावसाशी उबेचा संबंध सरळ आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते, आणि खाली तापलेलं पाणी ती वाफ पुरवायला तयारच असतं. १९५० ते २०१५ या काळात महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यांना लागणाऱ्या वाफेचा मोठा वाटा अरबी समुद्राचा. गंमत म्हणजे हंगामाचा एकूण पाऊस त्या पट्ट्यात वाढलेला नाही. तोच पाऊस थोड्या दिवसांत उरकला जातोय. पूर्वीची चार-चार दिवसांची झड आणि आताचा दोन तासांचा कोसळ यातला फरक तुम्ही छपरावरही ऐकला असेल.

वादळाचंही तसंच. चक्रीवादळाला वर आणि खोलवर साडेसव्वीस अंशांपेक्षा गरम पाणी लागतं. अरबी समुद्र एप्रिल-मे मध्ये तापतो, मोसमी वारा आला की घुसळून निवतो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा तापतो. म्हणून वादळं पावसाळ्याच्या आधी नाहीतर नंतर येतात. भर पावसाळ्यात खालचा आणि वरचा वारा एकमेकांविरुद्ध ओढत असतो, वादळ उभंच राहू शकत नाही. पूर्वी वादळ आपल्याच वाऱ्याने खालचं थंड पाणी वर आणायचं आणि त्यात त्याचा जोर विझायचा. आता गरम थर जाड झालाय. घुसळून वर येतं तेही गरमच, मग वादळ एका दिवसात दुप्पट ताकदीचं होतं आणि इशारा द्यायला वेळ कमी मिळतो. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात मात्र ती किंचित कमी झाली. २०१९ च्या दिवाळीत क्यार आलं, ते गेलं नाही तोच महा, आणि काही दिवस दोन्ही एकाच वेळी आपल्या समुद्रात होती. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते मुंबईला स्पर्श न करता समोरून गेलं, तरी मे महिन्यात कधी न पाहिलेला दोनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस देऊन गेलं. बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात पी-३०५ बार्ज बुडाली आणि सत्तरहून जास्त माणसं गेली.

निसर्ग वादळाबद्दल थोडं थांबून सांगते. ३ जून २०२० ला ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं आणि मुंबईने सुटकेचा निःश्वास टाकला. त्या दिवशी मुंबईला दोन गोष्टींनी वाचवलं. एक, मुंबई वादळाच्या डाव्या बाजूला पडली. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलटा फिरतो, त्यामुळे डाव्या बाजूला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पाणी किनाऱ्यावर ढकलत नाही. दुसरी गोष्ट तिथीची. ज्येष्ठ शुद्ध द्वादशी-त्रयोदशी होती, भरती सकाळी नऊ-दहाला आणि पुन्हा रात्री. वादळ दुपारी आलं, पाणी उतरत असताना. तेच वादळ पन्नास-साठ मैल उत्तरेला आणि आठ तास उशिरा आलं असतं, तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही. मुंबईसमोरचा समुद्र दोनशे किलोमीटरहून जास्त लांबपर्यंत उथळ आहे, आणि उथळ समुद्रावर वारा पाण्याचा ढीग फार सहज रचतो. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा झोपल्या त्या आपल्या वाट्याच्या होत्या, असं मला त्या दिवसांत सारखं वाटत राहिलं.

आता मासळी. इथे मी जपून बोलणार आहे, कारण सगळं खापर उबेवर फोडणं सोपं आहे आणि काहींच्या सोयीचंही आहे.

तारली ही मुळात केरळ-कर्नाटकची. पाणी तापलं तशी ती उत्तरेला सरकली, हे मत्स्यसंशोधकांनी नोंदवलंय आणि तुमच्या पाटीनेही. मासा अंगाने थंड, बाहेरच्या पाण्याइतकंच त्याचं तापमान. त्याला न मानवणारं पाणी आलं की तो एक तर वर उत्तरेला जातो, नाहीतर खोल उतरतो. पण आपल्या समुद्रात खोल उतरण्यात एक अडचण आहे. ती मी कशी पाहिली ते सांगते, कारण पुस्तकात वाचून ती मलाही नीट कळली नव्हती.

पहिल्या-दुसऱ्या सफरीतली गोष्ट. उथळ कट्टा संपून समुद्र खोल होतो तिथे जहाज थांबलं होतं. रात्रीचे दोन वाजले असतील. विंचवरून बाटल्यांचं चक्र वर आलं, वेगवेगळ्या खोलीवर तोंडं मिटलेल्या बाटल्या. पाण्यातला प्राणवायू मोजण्याची जुनी पद्धत अशी: काचेच्या छोट्या कुपीत पाणी बुडबुडा न होऊ देता भरायचं, त्यात मँगनीजचं द्रावण आणि मग अल्कली आयोडाइड सोडायचं, बूच लावून हलवायचं. प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो. पृष्ठभागाच्या कुपीत तो गुळासारखा गडद झाला. पन्नास मीटरला चहासारखा. शंभर मीटरच्या पुढे फिका पडत गेला, आणि तीनशे मीटरची कुपी मी हलवली तर आत नुसतं दूध. पांढराफेक साका. मला वाटलं माझ्याकडून काही टाकायचं राहिलं. पुन्हा केलं, पुन्हा पांढरा. शेजारी उभे असलेले वरिष्ठ म्हणाले, 'चूक नाही, खाली श्वास घ्यायला काही नाही.'

साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीत अरबी समुद्रात प्राणवायू जवळजवळ नाही. जगातल्या सगळ्यात जाड अशा थरांपैकी हा एक. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर कित्येक दशकं काम केलंय. हा थर निसर्गाने केलेला आहे, आपण नाही. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि वरचा थर गरम म्हणजे हलका झाला की तो तेलासारखा वर तरंगतो, खालच्या पाण्याशी मिसळत नाही. खाली हवा पोचणं कमी होतं, खालचं खत वर येणं कमी होतं. वरून ऊब आणि खालून गुदमरणं, या दोन्हीच्या मधल्या पट्टीत मासा राहतो. ती पट्टी आखूड होत जाते तसा तो दाटीने एका जागी सापडतो. एखाद्या वर्षी अचानक भरघोस मासळी लागते तेव्हा समुद्र भरलाय असं वाटतं. कधी कधी तो फक्त आकसलेला असतो.

थंडीत जुहूला रात्री निळ्या उजेडाच्या लाटा दिसतात, लोक फोटो काढायला जातात. तो नोक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव. उत्तर अरबी समुद्रात २००० नंतर हिवाळ्यात त्याची प्रचंड वाढ होऊ लागलीय, जिथे पूर्वी माशांच्या पोटात जाणारं साधं शेवाळ वाढायचं. नोक्टिल्युका माशांना फारसा उपयोगाचा नाही, जेलीफिशला चालतो. दिसायला सुंदर आहे, मीही उभी राहून बघते. पण तुमच्या जाळ्याच्या दृष्टीने ती चांगली खबर नाही.

आणि तरीही, ताई, पापलेट कमी होण्याचं पहिलं कारण माझ्या मते ऊब नाही. पहिलं कारण जाळं आहे. ससून डॉकला पहाटे मी तळहातापेक्षा लहान पापलेटांचे ढीग पाहिलेत, किलोत वीस-वीस. त्यातल्या एकाने अजून अंडी घातली नव्हती. बारीक आसाची, म्हणजे विणीतल्या बारीक भोकांची जाळी, अख्खा थवा घेरणारं पर्ससीन जाळं, मासे खेचायला लावलेले रात्रीचे एलईडी दिवे. एलईडीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली, पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. अंमलबजावणी किती होते ते धक्क्यावरच्या बायकांना विचारावं, त्या खरं सांगतील. ऊब माशाला आधीच अशक्त करते, लहानपणीच पकडलं तर त्याला सावरायला पिढीच उरत नाही. ऊब मुंबईच्या हातात नाही, आस आहे. मढ-वेसाव्याच्या मच्छीमार सोसायट्यांनी मनावर घेतलं तर पाच वर्षांत फरक दिसेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगते.

खाडीतली तिवरं हाही त्याच हिशोबाचा भाग. कोलंबी, बोय, कितीतरी मासळीची पिल्लं त्या मुळांत वाढतात, आणि लाटेचा जोरही ती मुळं मोडतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, ते योग्यच झालं. मालाड-मनोरीच्या खाडीतल्या तिवरांवर रात्री डेब्रिज टाकणाऱ्या डंपरना मात्र यादी वाचता येत नाही. दिसला तर नंबर टिपा आणि तक्रार करा. हे मी फार मनापासून सांगतेय.

आता बोट. मुलाला माझ्याकडून सांगा की बोट घेऊच नको असं मी म्हणत नाही. पण कर्जाच्या हप्त्याचा हिशोब मांडताना त्याने आजोबांच्या काळातले दिवस धरू नयेत. १ जून ते ३१ जुलैची बंदी सगळ्यांना माहीत असते आणि ती हिशोबात असते. हिशोबात नसतात ते दोन काळ: मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मोसमाचा शेवट आणि नारळी पुनवेनंतरची भरात आलेली मासेमारी, म्हणजे कमाईचे दिवस. वादळांनी नेमके तेच दिवस धरलेत. २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर बोटी किनाऱ्याला बांधून गेला. २०२१ चा मे तसाच. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे लाच आला, नेहमीची तारीख ११ जून. दरवर्षी असं होणार नाही, पण पाच-सात वर्षांच्या कर्जात एक-दोन मोसम तरी असे जातील हे धरूनच चालावं. त्या मोसमात हप्ता कुठून येईल, याचं उत्तर त्याच्याकडे असेल तर पुढे जावं.

मोठी बोट घेतली की डिझेलचा खर्च भरून काढायला लांब जावं लागतं आणि लांब गेलं की इशारा मिळाल्यावर परत यायला वेळ लागतो. वादळ एका दिवसात तयार होत असेल तर किनाऱ्यापासून तीस तास लांब असणं हा जिवाचा प्रश्न आहे. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे मासळीच्या संभाव्य क्षेत्राचे आणि उंच लाटांचे इशारे मराठीत मिळतात, हवामान खात्याचेही. 'ते चुकतात' असं धक्क्यावर म्हणतात. चुकतात कधी कधी. पण गेल्या वीस वर्षांत ते किती सुधारले हे मी आतून पाहिलंय. इशारा आला की परतायचं, खलाशी कुरकुरले तरी, एवढं त्याने आईला वचन द्यावं. बोटीचा आणि खलाशांचा विमा पहिल्या दिवसापासून काढावा. आणि जमलं तर मोठ्या ट्रॉलरऐवजी मध्यम बोट, मोठ्या आसाचं, कल्ल्यात अडकवणारं जाळं, बर्फाची चांगली सोय. कमी मासळी, पण ताजी आणि भावाची.

शेवटी त्या वह्या. माळ्यावरून आजच उतरवा. अपोलो बंदरची नोंद उंची सांगते, उपग्रह पृष्ठभागाची ऊब सांगतो, समुद्रात सोडलेली आर्गो यंत्रं दोन किलोमीटर खोलवर बुडी मारून दर दहा दिवसांनी वर येतात आणि पाण्याची स्थिती कळवतात. पण ती खोल समुद्रात फिरतात. वेसाव्यासमोरच्या उथळ पाण्यात चाळीस वर्षांपूर्वी अमुक तिथीला घोळ मासळी लागली की नाही, हे कुठल्याच यंत्राला ठाऊक नाही. ते फक्त तुमच्या सासऱ्यांच्या अक्षरात आहे. पानांचे मोबाइलवर फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, एक पान एक फोटो, वहीचं वर्ष आधी टिपून. वाळवी लागली असेल तर वही झटकू नका, वेगळी ठेवा. वेसाव्यालाच मत्स्य शिक्षण संस्था आहे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं केंद्र तुमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. दोन्हीकडे अशा नोंदींची किंमत जाणणारे लोक आहेत.

आणि नातवंडांपैकी कुणी बोटीवर जात असेल तर ती वही पुढे चालू करायला सांगा. फक्त एक रकाना वाढवा. प्लास्टिकची बादली दोरीला बांधून बोटीच्या पुढच्या बाजूने टाकायची, इंजिनचं गरम पाणी पडतं त्या बाजूने नाही. पहिली बादली ओतून द्यायची, कारण बादली उन्हाने तापलेली असते. दुसरी भरून सावलीत ठेवायची, त्यात साधा थर्मामीटर दोन मिनिटं बुडवायचा आणि तो पाण्यात असतानाच आकडा वाचायचा. तारीख, तिथी, वेळ, जागा, आकडा. रोज त्याच वेळी, शक्यतो सूर्य उगवायच्या आधी.